डेंटनचा कोर्टहाऊस स्क्वेअर आणि त्यातलं स्मारक : एक प्रकरण अभ्यास

टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला पाऊण-एक तासावर डेंटन नावाचं गाव आहे. दोन मोठी विद्यापीठं असल्यामुळे आपली मराठी मुलंही तिथे शिकायला येतात, आणि संध्याकाळी सगळं गाव जिथे फिरायला जातं तो गावाच्या मधोमध असलेला कोर्टहाऊस स्क्वेअर. मधे चुनखडीच्या दगडाची जुनी देखणी इमारत, भोवती हिरवळ, चारी बाजूंना रस्ते आणि दुकानं. या हिरवळीच्या दक्षिणेकडे १९१८ पासून २०२० पर्यंत एक स्मारक उभं होतं, अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बाजूने लढलेल्या सैनिकांचं. ते का उभारलं, कुणाला खुपलं, काढावं की ठेवावं यावर वीस वर्षं काय काय झालं, आणि निर्णय घेणारे नेमके कुठे कुठे चुकले असं मला वाटतं, ते सगळं इथे मांडते. या वादातल्या हयात माणसांची नावं मुद्दाम टाळली आहेत. नावांनी काही अडत नाही, प्रसंग महत्त्वाचे.

पार्श्वभूमी

डेंटन काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, १८४६ ला झाली. नाव दिलं जॉन बी. डेंटन या माणसाचं, जो मेथडिस्ट धर्मोपदेशक होता, वकील होता आणि १८४१ च्या मे महिन्यात व्हिलेज क्रीकच्या काठी तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीवर जी स्वारी झाली त्यात मारला गेला. म्हणजे गावाच्या नावातच सरहद्दीवरची लढाई आहे. पुढे काउंटीचं मुख्य ठिकाण मधोमध हवं म्हणून तीन जमीनमालकांनी १०० एकर जागा दिली, जानेवारी १८५७ मध्ये प्लॉटांचा लिलाव झाला आणि गाव वसलं. स्क्वेअरच्या चार बाजूंच्या रस्त्यांना झाडांची नावं दिली, ओक, हिकरी, एल्म आणि लोकस्ट, ती आजही तशीच आहेत.

पहिलं लाकडी कोर्टहाऊस १८७५ च्या डिसेंबरात जळालं आणि त्याबरोबर काउंटीचे जुने कागदही गेले. दुसऱ्यावर वीज पडली आणि ते पाडावं लागलं. आत्ता उभं आहे ते तिसरं, १८९६ चं, वेको गावच्या डब्ल्यू. सी. डॉडसन या आर्किटेक्टचं.

१९०१ मध्ये जुन्या वसाहतकऱ्यांच्या संघटनेने जॉन डेंटनचे अवशेष आणून याच हिरवळीवर पुरले. हे त्याचं तिसरं दफन. पहिलं तो पडला त्या मुलखात ओढ्याकाठी, दुसरं जॉन चिझम या प्रसिद्ध गुरंमालकाच्या घराच्या आवारात, आणि साठ वर्षांनी हे तिसरं. कोर्टाची हिरवळ म्हणजे गावाने "आम्ही कोण" हे सांगायची जागा, हे तेव्हापासून ठरूनच गेलं होतं, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता जे त्या हिरवळीवर कधी लिहिलं गेलं नाही ते. १८६० मध्ये काउंटीत सुमारे ५ हजार लोक होते आणि त्यात अडीचशेच्या आसपास गुलाम. त्या वर्षी ८ जुलैला, रविवार होता आणि ऊन मरणाचं, डॅलसमध्ये मोठी आग लागली आणि त्याच दिवशी डेंटनच्या स्क्वेअरची पश्चिम बाजूही पेटली. डॅलसच्या एका संपादकाने पत्रं लिहून उठवून दिलं की हा गुलामांचा आणि गुलामगिरीविरोधी लोकांचा कट आहे. सगळ्या उत्तर टेक्सासमध्ये घबराट पसरली, लोकांना पकडून फासावर लटकवलं गेलं, एकट्या डॅलसमध्ये तीन गुलामांना फाशी दिली. आग कशाने लागली असणार? त्या काळी नव्याच आलेल्या फॉस्फरसच्या काड्या दुकानात असायच्या आणि त्या कडक उन्हात आपोआप पेट घ्यायच्या. डेंटनच्या लोकांना हे स्वतःच्या दुकानांतच कळलं होतं, म्हणून तिथे डोकी जरा ताळ्यावर राहिली. स्क्वेअरच्या इतिहासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच. भीतीच्या लाटेत सगळा मुलूख वाहून जात असताना या गावाने पुराव्याकडे बघितलं.

दुसरी गोष्ट अशी की हा भाग एकमुखाने कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या बाजूचा, कधीच नव्हता. १८६१ ला संघराज्यातून फुटायचं की नाही यावर मतदान झालं तेव्हा डेंटन काउंटी थोड्याच फरकाने "फुटायचं" म्हणाली, आणि शेजारच्या कॉलिन, कुक, ग्रेसन या काउंट्या चक्क "नाही" म्हणाल्या. १८६२ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तरेला लागूनच असलेल्या गेन्सव्हिलमध्ये संघराज्याशी निष्ठा असल्याच्या संशयावरून चाळीसेक माणसांना फाशी दिली. घराघरांत फूट पडलेला मुलूख होता हा.

स्मारक कधी आलं, का आलं

यादवी युद्ध संपलं १८६५ ला. स्मारक उभं राहिलं १९१८ ला. मधे त्रेपन्न वर्षं गेली. 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या महिला संघटनेच्या स्थानिक शाखेने ते उभारलं आणि अनावरणाला दिवस निवडला ३ जून, म्हणजे कॉन्फेडरसीचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचा जन्मदिवस. खाली दगडी कमान, वर बंदूक घेतलेला सैनिक, कमानीवर "आमचे कॉन्फेडरेट सैनिक" अशा अर्थाची अक्षरं. दक्षिणेच्या अडचणीच्या घडीला ज्यांनी तारुण्य आणि प्राण दिले त्यांच्या स्मरणार्थ, असा मजकूर. लढाई कशासाठी होती याबद्दल एक शब्द नाही.

आणि कमानीच्या दोन्ही खांबांमध्ये पिण्याच्या पाण्याची एकेक दगडी कुंडी. ही कुंडी विसरू नका, सगळं प्रकरण तिथूनच सुरू झालं.

स्मारकानंतर तीनच वर्षांनी, १९२१ मध्ये, गावाने ७५ हजार डॉलरचे कर्जरोखे काढायला मतदान केलं, पार्क बांधायला. जागा कुठली निवडली तर स्क्वेअरपासून चालत जाता येईल अशी क्वेकरटाउन नावाची वस्ती. साठेक कृष्णवर्णीय कुटुंबं, त्यांची स्वतःची घरं, दुकानं, चर्च, आणि शेजारी मुलींचं कॉलेज, जे आज टेक्सास वुमन्स युनिव्हर्सिटी आहे. कॉलेजच्या शेजारी ही वस्ती नको, ही त्यामागची उघड भावना. लोकांना गावाच्या आग्नेयेकडे हलवलं. काही घरं तर गाड्यांवर चढवून ओढत नेली. म्हणून मला स्मारक आणि क्वेकरटाउन ही दोन प्रकरणं वेगळी वाटतच नाहीत. एकात गावाने आपले कोण ते सांगितलं, दुसऱ्यात कोण नाही ते.

अडचण काय होती

१९९९-२००० च्या सुमाराला गावातले एक कृष्णवर्णीय गृहस्थ काउंटीकडे गेले. मागणी बघा काय होती : या कुंड्यांना पाणी सोडा, मला इथे पाणी प्यायचंय, नाहीतर हे स्मारक तरी हलवा. गोऱ्यांचा नळ वेगळा आणि काळ्यांचा वेगळा, असा काळ ज्यांनी अंगावर काढला त्या पिढीतला माणूस हे म्हणतोय, त्या कुंडीसमोर उभं राहून.

निर्णय ज्यांच्या हातात होता ती 'कमिशनर्स कोर्ट'. नाव कोर्ट असलं तरी हे न्यायालय नाही हं, आपल्या जिल्हा परिषदेसारखी कारभारी मंडळी, एक काउंटी जज आणि चार कमिशनर असे पाच जण. तिथे पाणी कधी येत होतं का, खाली पाइप होता का, ते फक्त गोऱ्यांसाठी होतं का, यावरच वर्षानुवर्षं टोलवाटोलवी चालली. त्या गृहस्थांनी काय केलं तर दर रविवारी स्क्वेअरवर येऊन उभं राहायला सुरुवात केली. पाटी घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत. ऊन, थंडी, काही असो. जवळपास वीस वर्षं!

यातला कळीचा मुद्दा माझ्या मते असा की काउंटीने प्रश्न चुकीचा ऐकला. त्यांनी ऐकलं "पाइप आहे का", आणि माणूस विचारत होता "या हिरवळीवर माझी जागा आहे का". पहिल्याचं उत्तर प्लंबर देतो. दुसऱ्याचं उत्तर पाच जणांनी द्यायला हवं होतं आणि ते त्यांनी कितीतरी वर्षं दिलंच नाही.

समोर कुठले पर्याय होते

आहे तसं ठेवायचं, हा पहिला. खर्च शून्य, मतदार नाराज नाहीत. जुन्या घराण्यांतले लोक मनापासून म्हणायचे की आमच्या पणजोबांची आठवण आहे, त्यांच्याकडे ना गुलाम होते ना शेतमळे, ते लढले आणि मेले, त्यांचं नाव का पुसता. हा मुद्दा मी हलका मानत नाही, कुणाचीही आपल्या मेलेल्या माणसाबद्दलची माया खोटी नसते. पण मग गेन्सव्हिलला फासावर गेलेल्यांचेही पणतू आसपासच राहत होते ना.

दुसरा पर्याय, ठेवायचं पण शेजारी पूर्ण गोष्ट सांगायची. तिसरा, काढून म्युझियममध्ये न्यायचं, आणि यात सोय अशी की म्युझियम लांब नव्हतं, त्याच कोर्टहाऊसच्या इमारतीत १९७९ पासून होतं. चौथा म्हणजे नुसतंच काढून टाकायचं.

शिवाय कायद्याची अडचण होती. टेक्सासमध्ये ऐतिहासिक कोर्टहाऊसच्या आवारातलं काहीही हलवायचं तर राज्याच्या हिस्टॉरिकल कमिशनची परवानगी लागते. "आमच्या हातात नाही, राज्याच्या हातात आहे" असं म्हणायला हे कारण फार सोयीचं पडतं. पण परवानगी मागायला कुणी अडवलं होतं? अर्ज तर काउंटीनेच करायचा असतो.

काय काय केलं

२०१५ च्या जूनमध्ये साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या चर्चमध्ये कॉन्फेडरेट झेंडा मिरवणाऱ्या एका गोऱ्या तरुणाने नऊ कृष्णवर्णीय माणसांची हत्या केली आणि देशभर या स्मारकांचा प्रश्न पेटला. त्याच उन्हाळ्यात डेंटनच्या स्मारकावर कुणीतरी रंगाने "हे वंशवादी आहे" असं फासलं. काउंटीने रंग धुऊन काढला. निर्णय मात्र काहीच नाही. माझ्या मते पहिली मोठी संधी इथे गेली, कारण तेव्हा बोलायला दोन्ही बाजू तयार होत्या आणि आवाज अजून चढले नव्हते.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये शार्लट्सव्हिल घडलं, म्हणजे व्हर्जिनियातल्या त्या गावात कॉन्फेडरेट पुतळा काढायला विरोध म्हणून गोरे वंशवादी जमले आणि त्या हिंसाचारात एका बाईचा जीव गेला. आता गप्प बसणं शक्य नव्हतं म्हणून १५ जणांची नागरिकांची समिती नेमली. समितीने महिनोन्महिने ऐकून घेतलं, आणि २०१८ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला १२ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की स्मारक ठेवा पण संदर्भ द्या. गुलामगिरीचा स्पष्ट निषेध करणारा मोठा फलक लावा, आणि दोन व्हिडिओ किऑस्क बसवा ज्यांवर काउंटीतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास लोकांना बघता येईल. कमिशनर्स कोर्टाने शिफारस मान्यही केली.

आणि मग? मग काही नाही. मजकूर कोण लिहिणार, किती मोठा फलक, यात घोंगडं भिजत पडलं. दोन वर्षं गेली, फलक लागला नाही, किऑस्क आले नाहीत. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. स्मारक काढायला विरोध होता हे मी समजू शकते, पण जे ठरलं, जे मतदानाने ठरलं, ज्याला तुम्हीच हो म्हणालात, ते तरी करायचं की नाही! समितीत ज्यांनी मन मोठं करून "ठेवा, पण खरं लिहा" असं मत दिलं, त्यांना तोंडघशी पाडलं. आणि गंमत नाही सांगत, पण स्मारक राहावं असं ज्यांना वाटत होतं त्यांचंही यात सगळ्यात मोठं नुकसान झालं, कारण फलक वेळेत लागला असता तर २०२० मध्ये त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी असतं.

२५ मे २०२० ला मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. डेंटनच्या स्क्वेअरवरही लोक जमायला लागले. ९ जूनला कमिशनर्स कोर्टाने स्मारक काढायचं ठरवलं. कारण दिलं ते सुरक्षिततेचं, म्हणजे मोडतोड होईल, कुणाला इजा होईल. राज्याची परवानगीही पटकन मिळाली. २५ जूनला पहाटे रस्ते बंद करून, क्रेन लावून, सैनिक खाली उतरवला, कमानीचे दगड सुटे केले, ट्रकमध्ये भरले आणि साठवणीत नेऊन ठेवले.

ठरवण्यापासून दगड उचलेपर्यंत १६ दिवस. वीस वर्षं जे होत नव्हतं ते १६ दिवसांत झालं.

निकाल काय लागला

हिरवळ मोकळी झाली. कुणाचं डोकं फुटलं नाही, दगडही शाबूत राहिले, आणि त्या उन्हाळ्यात इतर गावांत जे दोरखंड लावून पाडापाडी झाली ती इथे टळली, हे कमिशनरांच्या पदरात घालायलाच हवं. पुढे संदर्भासह म्युझियममध्ये मांडायचं असं काउंटीने म्हणून ठेवलं होतं. दर रविवारी उभ्या राहणाऱ्या त्या गृहस्थांनी डोळ्यांदेखत ते गेलेलं बघितलं, हेही काही लहान नाही.

पण निर्णयाबरोबर जे कारण दिलं गेलं त्याने मला अजून टोचणी लागते. "मोडतोड होईल म्हणून काढतो" याचा अर्थ मोडतोडीची भीती नसती तर ठेवलं असतं. कुंडीसमोर उभं राहून जो प्रश्न विचारला गेला त्याचं उत्तर यात कुठे आहे? ज्यांना स्मारक हवं होतं त्यांना वाटलं की आपण दांडगाईपुढे हरलो, आणि ज्यांना नको होतं त्यांना कुणी "तुमचं बरोबर होतं" असं म्हटलंच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

एक तर २००० च्या आसपास, जेव्हा मागणी दोन कुंड्यांच्या पाण्याची होती. समजा तेव्हा काउंटीने नळ जोडला असता, आणि उद्घाटनाला त्याच गृहस्थांना बोलावून पहिला घोट त्यांना घ्यायला सांगितला असता. खर्च किती आला असता, एका प्लंबरचा दोन दिवसांचा? स्मारकाचा प्रश्न याने मिटला नसता हे खरं आहे, पण बोलणं सुरू झालं असतं आणि तेही एका चांगल्या आठवणीवर. मला माहितीये की काही जण म्हणतील की यामुळे स्मारकाला उलट पावित्र्यच आलं असतं आणि ते कधीच हललं नसतं. असू शकतं. तरी मी हाच रस्ता धरला असता, कारण समोरच्याने जे मागितलंय ते देऊन बघायच्या आधीच तो पुढे काय मागेल याची भीती बाळगायची, हे कारभाराचं लक्षण नाही.

दुसरं २०१८. समितीने सुचवलेल्या कामाला तारीख आणि जबाबदार माणूस, दोन्ही ठरावातच लिहायला हवे होते. सहा महिन्यांत फलक लागला नाही तर स्मारक हलवायचा अर्ज राज्याकडे आपोआप जाईल, अशी एक ओळ ठरावात असती तर चालढकल करणाऱ्यांनाच घाई झाली असती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसलेल्या कुणालाही हे कळेल, नुसतं "मंजूर" लिहिलं की काम होत नाही, कुणी आणि कधी ते लिहावं लागतं.

तिसरं म्हणजे मजकूर. दोन वर्षं ज्या फलकाच्या मजकुरावर गाडी अडली तो फक्त गुलामगिरी वाईट होती एवढंच सांगणारा का असावा? या स्क्वेअरकडे स्वतःच्या केवढ्या गोष्टी आहेत. ८ जुलै १८६० ची आग आणि काड्यांची पेटी, थोडक्या मतांनी फुटायचं ठरवणारी काउंटी आणि न फुटणारे शेजारी, क्वेकरटाउनची गाडीवर चढवलेली घरं. हे लिहिलं असतं तर पणजोबांच्या माणसांनाही त्यात आपलं गाव दिसलं असतं आणि विस्थापितांच्या नातवंडांनाही. उपदेश वाचायला कुणी थांबत नाही हो, पण आपल्या दुकानाच्या भिंतीला आग कशी लागली हे वाचायला सगळे थांबतात.

क्वेकरटाउनच्या बाबतीत गावाने नंतर बरंच केलं, हे इथे सांगायलाच हवं. २००७ मध्ये त्या पार्कला क्वेकरटाउन पार्क असं नाव दिलं, आणि २००८ पासून त्या वस्तीतलं एक मूळ घर जपून त्यात काउंटीचं आफ्रिकन अमेरिकन म्युझियम आहे, स्क्वेअरपासून जवळच. मी तिथे गेले तेव्हा सगळ्यात आधी मनात आलं ते हे की घर केवढंसं आहे, दोन खोल्यांत हात पसरले की भिंती लागतील असं वाटावं, आणि हे कुणीतरी जागचं उचलून गाडीवर ठेवून नेलं होतं. त्या घराने मला जे सांगितलं ते कमानीवरच्या सैनिकाने कधीच सांगितलं नसतं.

राहता राहिला त्या दगडांचा प्रश्न. मांडायचेच असतील तर माझं मत असं की सैनिकापासून सुरुवात करू नये. आधी कुंडी ठेवावी, एकटी, कंबरेच्या उंचीवर, होती तशी, म्हणजे माणसाला तिच्यावर वाकून बघावं लागेल आणि आत पाणी नाही हे दिसेल. शेजारी वीस वर्षांच्या रविवारांची गोष्ट. सैनिक पलीकडच्या खोलीत असला तरी चालेल.